विणकराघरची गाडी

सरदारभाईंनी बॉनेट उघडलं, कान इंजिनाजवळ नेला आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. सगळे म्हणजे दोघेच होते. गाडी बघायला फुलंब्रीहून आलेले कडुबा, आणि चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी असलेली सरदारभाईंची मुलगी आमरीन.

"ऐका," ते कडुबांना म्हणाले. "कुठं खडखड ऐकू येती का?"

"मला तर गल्लीतला टँकरच ऐकू येतुया," कडुबा म्हणाले.

टँकर खरंच आला होता. लातूरला आगगाडीने पाणी जायला लागलं तो उन्हाळा. नवाबपुऱ्यात नळ कधी येईल हे नळालाही ठाऊक नसायचं. बायका हंडे घेऊन धावत होत्या आणि त्या गर्दीत अंग चोरून पांढरी क्वालिस आपल्या चाकांवर निवांत उभी होती.

या गाडीची गोष्ट निघाली की सरदारभाईंना आवरणं कठीण. टोयोटाने या देशात आणलेली ही पहिली गाडी. दिसायला डब्यासारखी, चालायला बैलासारखी. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, शिर्डी; माणसं कोंबा, सामान लादा, गाडी कुरकुरत नसे. पुढे कंपनीने ती बनवणं मध्येच बंद केलं, तेव्हा शहरातल्या टूरवाल्यांची तोंडं घरातलं माणूस गेल्यासारखी झाली होती. सरदारभाई मात्र आपली गाडी पुसत म्हणाले होते, "बंद झाली तर झाली. हमारी चालू है ना."

आता तीही म्हातारी झाली होती. पासिंगची तारीख जवळ आली होती, पाहुण्यांना नव्या गाड्या हव्या होत्या, आणि हॉटेलांचे फोन कमी होत होत थांबले होते. कडुबांच्या विहिरीने माघातच तळ दाखवलेला. गावातली तरुण पोरं शेंद्र्याच्या कंपन्यांत लागली होती; त्यांना शिफ्टला नेण्या-आणण्यासाठी कडुबांना हीच गाडी हवी होती, दुसरी नको. व्यवहार जमण्यासारखा होता. फक्त सरदारभाईंच्या तोंडून 'हो' निघत नव्हतं.

कप पुढे करत आमरीन हळूच म्हणाली, "अब्बा, मनस्विनीताईका फोन आया था. शाम तक बोलो बोले."

"पहले गाडी," सरदारभाई म्हणाले आणि बॉनेट जरा जास्तच जोरात आपटलं.

मनस्विनीताईंचं समर्थनगरात कापडाचं दुकान होतं. त्यांना हातमागावरच्या हिमरू शाली हव्या होत्या. यंत्रावरच्या शाली लेण्यांच्या वाटेवर ढिगाने मिळतात. पण एकेक दोरा ओढून फूल उठवणारे हात शहरात आता अगदी थोडे उरले होते. त्यातले दोन हात सरदारभाईंचे. गाडी घेतली तेव्हा त्यांनी माग मोडून त्याची लाकडं पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली होती. आमरीन शेंद्र्याची नोकरी सांभाळून गिऱ्हाइकांचं बघायला तयार होती. सरदारभाईंचा नकार आला तर मनस्विनीताई सुरतेहून माल मागवणार होत्या, आणि मग घरातला माग कायमचा माळ्यावरच राहणार होता.

अडचण एकच होती, म्हणजे सरदारभाई तरी तसं सांगत. हिमरूचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर मांडतात. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या दाबतो. सरदारभाईंच्या मधल्या खोलीतल्या खड्ड्याला एका वाईट उन्हाळ्यात सिमेंट लावून हौद केलेला होता. तेव्हापासून घराचं पाणी त्यातच.

"दुष्काळात पाणी फेकून देऊन माग मांडू?" ते विचारत. "गुनाह लागेल."

एवढं म्हटलं की विषय तिथंच मिटायचा. सरदारभाईंनाही तेच हवं होतं. खरी गोष्ट अशी की त्यांना भीती वाटत होती. स्टिअरिंगला सरावलेल्या बोटांना आता रेशमाचा धागा कळेल का, याची. पोरीदेखत, बायकोदेखत फूल वाकडं उठलं तर? त्यापेक्षा पाणी बरं.

"चला, एक चक्कर मारू. पहिल्यांदा मी चालवतो," ते कडुबांना म्हणाले. "घाट चढला की मग तुम्ही घ्या."

हर्सूल मागे पडलं तरी शहर काही मागे पडेना. सावंगीपर्यंत दोन्ही बाजूंना प्लॉट पाडलेले, मधोमध बंगल्यांची रंगीत चित्रं उभी. चित्रांत कारंजी होती. खाली रस्त्याने टँकरांची रांग चालली होती.

"इथं माझ्या मेहुण्याची ज्वारी असायची," कडुबा म्हणाले. "आता नुसत्या खुंट्या पेरल्यात. पन गाडी मातर लोण्यावानी चालती हो."

सरदारभाई खुलले. क्लच कधी बदलला, ब्रेकचं काम कुठं केलं, सगळं सांगायला त्यांनी सुरुवात केली आणि चौक्याचा घाट चढताना एकदम गप्प झाले. टक. टक. टक. त्यांनी गाडी कडेला घेऊन थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. चाकं पाहिली, खाली वाकून स्प्रिंगच्या पाट्याला हात लावून पाहिला. मग दुसऱ्या बाजूला आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. कडुबांच्या उपरण्याचं टोक दारात अडकलं होतं आणि त्याची गाठ वाऱ्याने पत्र्यावर आपटत होती.

कडुबा पोट धरून हसले. "एवढ्यासाठी भर घाटात थांबिवली? अन् गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असताना? दुसरा असता तर रेडिओ मोठा केला असता!"

"सवय हाय," सरदारभाई ओशाळून म्हणाले. "मागावरची. धागा तुटला की तिथंच थांबायचं. पुढं रेटलं की खोट सगळ्या कापडात जाती."

दोघे लिंबाच्या सावलीत दगडावर बसले. खाली तापलेलं माळरान पसरलं होतं. सरदारभाईंनी बाटलीतलं पाणी आधी कडुबांना दिलं. आणि मग, घरात कधीही न सांगितलेली गोष्ट त्यांनी या जवळजवळ परक्या माणसाला सांगितली.

"एक जपानी म्हातारा होता. अजिंठ्याला न्यायचा होता. हिमांशू म्हणून आमचा गाईड संगं. वाटेत म्हाताऱ्याच्या पिशवीचा बंद तुटला, मी गाठ मारून दिली. त्यानं गाठ बघितली अन् हिमांशूला म्हनला, हा मानूस विणकर हाय. तो सोताबी तरुणपणी मागावर होता म्हनं. मग माझ्या गाडीवर थाप मारून लई येळ बोलला."

"काय बोलला?"

"ह्या गाडीच्या कंपनीवाल्यांचं घर मूळचं मागवाल्यांचं. आईला मागावर राबताना बघून एका पोरानं माग सुधारायला घेतला. असा माग केला की धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्याच्या पोरानं पुढं गाडी काढली."

कडुबांनी वळून गाडीकडे नव्याने पाहिलं. "म्हंजी ही विणकराघरची लेक हाय की!"

"व्हय."

"मग ही गोष्ट घरी का नाय सांगितली?"

सरदारभाईंनी खडा उचलून उतारावर फेकला. तो घरंगळत गेला तिकडे ते पाहत राहिले.

"लाज वाटली," ते म्हणाले. "त्येबी मागावरनं गाडीवर आले, मीबी आलो. त्यांनी माग बरोबर आनला. मी त्यो बुजवून आलो."

कडुबांनी बाटलीचं झाकण लावलं. उठताना त्यांना राहवलं नाही.

"मग आता बसा की परत. कोन आडवं येतंय?"

"खड्ड्यात पानी हाय."

कडुबा पुन्हा हसायला लागले. "काय न्याय हाय! आमच्या हिरीत पानी नाय म्हनून मी गाडी घेतो, अन् तुमच्या खड्ड्यात पानी हाय म्हनून तुम्ही ती सोडंना!"

सरदारभाईंनाही हसू आलं, पण ते हसू घाट उतरेपर्यंत काही टिकलं नाही. परतीच्या वाटेवर गाडी कडुबांनी चालवली. चांगली चालवली, गिअर न ओरबाडता. शेजारच्या सीटवर बसून सरदारभाई पहिल्यांदाच तो रस्ता डाव्या खिडकीतून बघत होते. त्यांचा डावा पाय मात्र प्रत्येक वळणावर रिकामी जागा दाबत होता.

गल्लीत शिरल्यावर कडुबांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "मला पसंत हाय. आता तुम्ही बोला."

"चहा घेऊ आधी," सरदारभाई म्हणाले. मनात ठरलं होतं. चहा झाला की सांगायचं, पाऊस पडू द्या, मग बघू. कडुबांनाही तेच सांगायचं आणि मनस्विनीताईंनाही.

पण घरात पाऊल टाकलं आणि मधल्या खोलीतून आवाज आला. खर्र. खर्र. तांब्या सिमेंटवर घासल्याचा.

ते दारातच थांबले. हौदावरच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यांच्या बायकोचं, हसीनाचं, फक्त डोकं आणि खांदे दिसत होते. ती खड्ड्यात उकिडवी बसली होती. तळाशी उरलेलं पाणी तांब्याने खरवडून ती बादलीत भरत होती आणि काठावर बसलेली आमरीन बादली वर ओढून घेत होती.

"क्या कर रहे तुम?"

हसीनाने मान वर केली. दारात कडुबा दिसले तसा तिने पदर सारखा केला आणि मराठीत बोलली, पाहुण्यालाही कळावं म्हणून.

"हौद संपला. पुसून घेतेय."

"संपला? असा कसा संपला? परवाच नळ आला होता ना!"

"आला होता. त्यो अंगणातल्या पिंपांत भरला. मागच्या येळचाबी तिथंच. त्याच्या आधीचाबी."

निळी पिंपं सरदारभाईंनी पाहिली होती. दुष्काळ आहे, लागतात, असं म्हणून पुढे गेले होते. घरात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे ज्या पुरुषाला माहीत असेल असा पुरुष त्या गल्लीत तरी कोणी नव्हता. किती दिवस ही बाई रोज याच हौदातून उपसून रांधत होती, धूत होती, आणि त्यांना पत्ता नव्हता.

"तुमी म्हनत होता ना, पानी फेकलं तर गुनाह लागंल," हसीना म्हणाली. "एक थेंब नाय फेकला. पिलं, वापरलं, शेजारी दिलं. आता शेवटची बादली अंगणातल्या लिंबाला जाईल."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुमी कायतरी दुसरं भरून ठेवलं असतं खड्ड्यात."

कडुबांनी खोकला काढला आणि हसू गिळलं. सरदारभाईंना राग यायला हवा होता. तो शोधायला त्यांनी थोडा वेळ घेतला, पण सापडला नाही. त्यांना आठवली ती लग्नानंतरची हसीना. मागावर त्यांना साथ देणारा धाकटा भाऊ मुंबईला पळाला तेव्हा मागावर चढून बसलेली, वरून नक्षीच्या जाळ्याच्या दोऱ्या ओढणारी. हिमरूला दोन माणसं लागतात. एक खाली विणतं, दुसरं वरून फूल उचलून देतं. माग मोडताना त्यांनी तिला विचारलंही नव्हतं. गाडी आली म्हणजे बायको सुटली, असंच ते धरून चालले होते.

ती वर यायला लागली तेव्हा त्यांनी हात दिला. मग चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठावर बसून पाय खाली सोडले. सिमेंट गार होतं, ओलसर. तळाशी पाय टेकले. इतक्या वर्षांत खड्डा खोल झाला नव्हता की ते आखूड झाले नव्हते. उगाच, कोणी बघत नाही असं समजून त्यांनी डावा पाय दाबला. मग उजवा. मग पुन्हा डावा.

सगळे बघत होते.

"सरदारभाई," कडुबा दारातून हळू आवाजात म्हणाले, "मी उद्या येऊ का?"

सरदारभाईंनी खिशातली किल्ली काढली, अंगठ्याने पुसली आणि मागे न बघता हात लांब केला. "आजच न्या. पैसे-कागद उद्या बघू. घाटात तिला दुसऱ्या गिअरवर घ्या. अन् आवाज आला तर थांबा."

"उपरण्याचा आला तरी?"

"तरीबी."

बाहेर गाडी सुरू झाली. सरदारभाईंनी तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत कान देऊन ऐकला. कुठेही खडखड नव्हती. आमरीन फोन घेऊन अंगणात गेली. मनस्विनीताईंना "जी, हां" म्हणताना तिचा आवाज जरा चढला.

माग अजून माळ्यावरच होता. लाकडं उतरवायची होती, किडलेली बदलायची होती, जाळा नव्याने बांधायचा होता. हसीनाने रिकामी बादली उपडी करून खड्ड्याच्या कडेला ठेवली, तिच्यावर बसली आणि ओले हात पदराला पुसून हवेत वर धरले, जिथे पूर्वी दोऱ्या लोंबायच्या तिथे.

"बोलो," ती म्हणाली. "कौनसा फूल उठाऊं?"