केशरबाईच्या चुलीवरचा रस्सा

केशरबाईनं बिळात कोपरापर्यंत हात घातला आणि आतल्या खेकड्यानं तिचं बोट धरलं. ओरडायचं सोडून तिनं बिळाशी तोंड नेलं.

"धर, बाबा. संध्याकाळी तुझाच रस्सा व्हायचा हाय."

त्या साली, म्हणजे पंचाहत्तर साली, पेडगावच्या ओढ्यातले खेकडे असे माजले होते की म्हशी त्यांना विचारून पाणी पीत. केशरबाईनं सात धरले, दुरडीत घातले, वर ओलं फडकं बांधलं आणि थेट नर्मदाबाईचं घर गाठलं. केशरबाई बौद्धवाड्यातली सुईण. निम्मं गाव तिच्या हातात जन्मलं होतं. बाळंतिणीच्या खोलीत तिला मज्जाव नव्हता. स्वयंपाकघरात मात्र तिला कुणी बोलावत नसे.

नर्मदाबाईची सून पंचफुला बाजेवर बसली होती. बाळंत होऊन पाचवा दिवस, आणि दूध उतरलं नव्हतं. शेळीच्या दुधाचा बोळा पोरगी जिभेनं बाहेर ढकलत होती. सकाळपासून तिचं रडणंही बारीक झालं होतं. याआधीचं लेकरू असंच बोळ्यावर बारा दिवस काढून गेलं होतं. ते घरात कुणी बोलत नव्हतं.

"दुरडीत काय हाय?" नर्मदाबाईनं दारातच अडवलं.

"दूध."

दुरडी खडखडली.

"केशर, माझ्या गळ्यात माळ हाय. हे असलं माझ्या चुलीवर चढायचं न्हाई."

"तुमच्या चुलीवर कोण चढवायलंय? माझी चूल काय वाहून गेली व्हय?"

नर्मदाबाईनं सारखा असलेला पदर पुन्हा सारखा केला. ओसरीवर दोर वळत बसलेला भुजंग, पंचफुलाचा नवरा, हात थांबवून उठला. केशरबाईच्या चुलीवरचं आपल्या घरात कुणी खाल्ल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"ताकद असती का पण खेकड्यात?" त्यानं चाचरत विचारलं.

"ताकद? दादा, पिंगळीच्या टेसनात एका खेकड्यानं मालगाडीचं चाक धरलं. तीन तास गाडी हालली न्हाई. डायवर रडकुंडीला आला. म्हणला, सोड की मालक, तुला फुकट पूर्ण्याला नेतो."

"मग?"

"मग काय, गेला. तिकडं लय मोठं खानदान हाय त्याचं."

पंचफुला हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा. मग सासूकडे न बघता तिनं पोरीचं डोकं छातीशी धरलं.

"मावशी, माझ्या गळ्यात माळ न्हाई. आणा तुमी."

भुजंगनं आईकडे पाहिलं. नर्मदाबाईनं पोरीच्या ओठांवरचा बोळा उचलला, वाटीत ठेवला आणि वाटी बाजेखाली सरकवली. केशरबाईनं त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि दुसरा अर्थ निघायच्या आत घर गाठलं.

तिनं खेकडे धुऊन पाट्यावर ठेचले, पाणी घालून फडक्यातून तीनदा गाळले, म्हणजे कवचाचा कणही राहायला नको. जिऱ्यामिऱ्याची फोडणी, चार पाकळ्या लसूण, तिखट नाही. त्या वासानं पालमला निघालेली यष्टी वाट चुकून पेडगावात आली, असं ती पुढं वीस वर्षं सांगत होती. कंडक्टरनंही कधी नाकारलं नाही; तो कुणाला भेटलाच नाही.

पंचफुलानं वाडगं दोन्ही हातांनी धरलं आणि तळापर्यंत प्याली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ रस्सा येऊ लागला. केशरबाई दर वेळी बजावून जाई, "घटकेघटकेला पोरगी अंगावर लाव. ओढू दे. रडली तरी लाव, झोपली तरी लाव."

नर्मदाबाई तिला दार उघडून देई आणि भिंतीकडे तोंड करून बसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी केशरबाई वाडगं घेऊन अंगणात पोचली, तोच आतून पंचफुलाची हाक आली. ती धावली, मागून भुजंग धावला. पोरगी पीत होती. घटाघटा पीत होती, ठसका लागला तरी सोडत नव्हती, आणि तिच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं. पंचफुलाची चोळी दुसऱ्या बाजूनंही भिजली होती. ती रडत होती आणि हसत होती.

केशरबाईनं भरलं वाडगं कोनाड्यात ठेवलं आणि कमरेवर हात ठेवले.

"भुजंगदादा, शेळी विका! ठिवली तर तिलाच पाजायची पाळी यील!"

भुजंग इतक्या मोठ्यानं हसला की शेजारणी भिंतीवरून डोकावल्या. "काय झालं? काय झालं?" म्हणत दोघी-तिघी आत आल्या. एकीनं कडाकडा बोटं मोडून पोरीची दृष्ट काढली. पोरीचं लक्षच नव्हतं.

नर्मदाबाई उठली. कोनाड्यातल्या वाडग्याशी गेली, रश्श्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. भुजंगचं हसू ओठांवरच राहिलं. पोरीच्या घोटांचा आवाज तेवढा येत होता.

"लसूण कमी पडायलाय, केशर," ती म्हणाली. "रझाकाराच्या साली हा भुजंग झाला तवा तुझी सासू मला हाच रस्सा आणायची. मूठभर घालायची ती."

केशरबाईकडे कशावरही गोष्ट असे. या वेळी तिनं वाडगं उचलून पंचफुलाच्या हातात दिलं.

"उद्या घालते," ती म्हणाली.