रिकाम्या पेटीवरचा झगा

मी शेरवानीच्या बेतानं शिवलेला पाद्र्याचा काळा झगा बोलतोय. मला हात लावण्याआधी ऐकून घ्या. माझ्या अंगाला डांबरगोळ्यांचा, धुपाचा आणि उंदरांच्या मुताचा वास येतो. तो माझा नाही. तो मला देवाच्या घरातून लागला आहे.

माझा जन्म परतूरचा. स्टेशनावरून बाजाराकडे जाताना गयासोद्दीन शिंप्याचं दुकान लागायचं. त्यानं जन्मभर शेरवान्याच शिवलेल्या, पाद्र्याचा झगा कधी बेतला नव्हता. पाद्री व्हायला निघालेला धर्मराज त्याच्यासमोर उभा राहून हातानं दाखवत होता.

"चाचा, गळ्यापासून घोट्यापर्यंत. समोरून बंद."

"म्हंजे नवाबासारखा?"

"पाद्र्यासारखा."

"एकच बात हाय," गयासोद्दीन तोंडातली टाचणी काढत म्हणाला. "दोघांला बी वाकायचं काम न्हाई."

त्यानं मला शेरवानीची ताठ कॉलर दिली, छातीला कसून बेतलं आणि दोन्ही बाजूंना गुडघ्यापर्यंत काप ठेवले. कापड मिशनचं होतं. शिलाई धर्मराजच्या आईनं, सगुणाबाईनं, कापूस वेचून दिली.

धर्मराज मिशनच्या वस्तीतला, पण खालच्या आळीतला. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गावाबाहेरच्या त्या वस्तीत दोन आळ्या होत्या. दोन्हींनी एकाच दिवशी, एकाच घंगाळातल्या पाण्यानं बाप्तिस्मा घेतला होता. घरी गेल्यावर वरच्या आळीनं पुन्हा अंघोळ केली. घंगाळात आधी खालच्यांची डोकी भिजली होती ना.

देवळात वरची आळी बाकांवर बसे, खालची जमिनीवर. कबरस्तानाच्या मधोमध कमरेइतकी भिंत होती. अलीकडे वरच्यांची मढी, पलीकडे खालच्यांची. अलीकडच्या बाजूला मोठा क्रूस होता. त्याच्याखाली फक्त झगा अंगावर असलेल्या माणसाला पुरत, मग तो कुठलाही असो. हा रिवाज रोमहून आलाय, असं बद्रीनाथ मास्तर सांगायचा. तो वरच्या आळीचा, मिशनचा उपदेशक. खालच्या आळीतलं कुणी झगा घालेल, असं तेव्हा त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

मला घालून धर्मराज दूरच्या शहरात पाद्री घडवणाऱ्या मोठ्या विद्यालयात गेला. तिथं माझे काप बघून पोरं हसली. "निजाम आला रे," म्हणाली. धर्मराजही हसला. मग पुस्तकाला लागला.

मी त्याच्या गुडघ्यांवर ताणला जायचो आणि तो लॅटिन घोकायचा. देव एक असून तीन कसा, हे शिकायचा. चर्चचा इतिहास त्याला जास्त आवडायचा. रोममधल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांनी जमिनीखाली भुयारं खोदून आपली माणसं पुरली होती. गुलाम आणि मालक एकाच भुयारात शेजारी शेजारी निजलेले. ते पान वाचताना त्याच्या काखेत घाम फुटला होता. मला आठवतं, कारण तो मीच टिपला.

सुट्टीत घरी आल्यावर त्यानं ते धाकट्या भावाला, भुजंगला, सांगितलं. भुजंग दावं वळत बसला होता.

"तिथं भिंत न्हवती का, दादा?"

"जमिनीखाली भिंत कशाला बांधतील रे?"

"आपले लोक असते तर बांधली असती. तुझे बिशप मंग करत काय होते?"

"भांडत होते. येशू बापाच्या बरोबरीचा का त्याच्यापेक्षा कमी, याच्यावर. सोळाशे वर्सं झाली."

"आन् आपले आजून बाकावर कोण बसंल याच्यावर भांडून राह्यले," भुजंग म्हणाला. "लईच मागं राह्यलो म्हणायचं आपण."

धर्मराज हसला, मग गंभीर झाला. "भुजंग्या, मी मेलो की मला क्रुसाखाली पुरावंच लागंल. झगा हाय माझ्या अंगावर. खालच्या आळीचा एक माणूस तिकडं निजला, की त्या भिंतीला काय अर्थ राह्यला? मंग ती आपसूक पडंल."

"तू म्हातारा होऊन मरशील. तवर कोण थांबतंय? आत्ताच पाडू की."

"गप. सगळं रीतीनं होऊ दे."

रीतीवर फार भरवसा होता त्याचा. पुस्तकं वाचणाऱ्यांचा असतो.

पाद्री होण्याची दीक्षा तोंडावर आली आणि त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं. माझ्या बाहीवर अजून तो डाग आहे. काळ्यावर काळा, कुणाला दिसत नाही. विद्यालयानं त्याला घरी पाठवलं. कुडाच्या खोपटात त्यानं शेवटचे महिने काढले. सगुणाबाई माझ्या गुंड्या लावायची आणि काढायची. मरायच्या आदल्या दिवशी तो भावाला एवढंच म्हणाला, "झगा काढू देऊ नको."

सकाळी अंगणात त्याला ठेवलं होतं. मी त्याच्या अंगावर होतो, गळ्यापर्यंत बंद. सगुणाबाईचं रडून रडून तोंड सुजलेलं. तेवढ्यात बद्रीनाथ मास्तर वरच्या आळीचे चार बाप्ये घेऊन आला. त्यानं आधी क्रुसाची खूण केली. मग म्हणाला, "सगुणाबाई, झगा काढून द्या."

"काऊन, मास्तर?"

"दीक्षा झाली न्हाई त्याची. कापड बी मिशनचं."

भुजंग मधे पडला. "झगा घातलेल्याला क्रुसाखाली पुरतेत. तुम्हीच सांगत होते."

"म्हनूनच काढायचा ना," मास्तर अगदी शांतपणे म्हणाला. "फादरला इचार."

फादर परदेशी माणूस. तो फाटकाशीच उभा होता. त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "बद्रीनाथला इथली रीत माहीत आहे. गावात शांतता राहू द्या."

दोघांनी भुजंगला धरलं. मास्तरनं माझ्या गुंड्या सोडल्या. आखडलेले हात बाहीतून निघेनात, तेव्हा त्यानं ते पिरगाळले.   हीच बोटं रविवारी देवळात प्रसादाचं ताट धरायची.

धर्मराजला धोतरावर, भिंतीपलीकडे पुरलं.

मला देवळाच्या मागच्या खोलीत खुंटीला टांगलं. मग एक दिवस मास्तरच्या बायकोनं, पुष्पाबाईनं, माझी उसवण केली. बाह्या तेवढ्या लोंबत ठेवल्या, बाकी सपाट केलं. मेलेल्यांसाठी मिस्सा, म्हणजे देवळातली मोठी प्रार्थना, होते तेव्हा प्रेत नसलं तर देवळात रिकामी पेटी ठेवून तिच्यावर काळं कापड घालतात. ते कापड मला केलं. दर वर्षी मृतांच्या दिवशी मी त्या पेटीवर पसरलेला. बाकांवरचे लोक माझ्याकडे बघून आपापल्या मेलेल्यांसाठी नाक शिंकायचे. धूप माझ्यावर फिरवायचे. ज्याच्या अंगावरून मला ओरबाडलं, त्याचं नाव मिस्सेत एकदाही घेतलं नाही. मागं जमिनीवर सगुणाबाई बसायची आणि माझ्या बाहीकडे एकटक बघायची. त्या बाईकडे कुणी मान वळवली नाही.

मग निजामाचं राज्य गेलं. शाळेवर नवं निशाण चढलं. बद्रीनाथ मास्तरनं त्यालाही तशाच शांतपणे हात जोडले. भिंत तशीच राहिली.

मृतांचा दिवस आला. मला पेटीवर घातलं. फादर लॅटिन म्हणू लागला. तेवढ्यात जमिनीवरून भुजंग उठला आणि बाकांच्या मधून सरळ पुढं आला. त्यानं मला एका हिसक्यात ओढलं. खालची पेटी उघडी पडली. फळ्यांची, आत झुरळं.

"भुजंग, देवाच्या घरात हाय तू," मास्तर म्हणाला.

"देव न्हाई, मास्तर. नुसती पेटी हाय. बघा की आत."

त्याला धरायला कुणी उठलं नाही. मास्तरनं वरच्या आळीकडे पाहिलं; त्यांनी मिस्सेच्या पुस्तकात डोळे घातले. मला खांद्यावर टाकून भुजंग कबरस्तानात आला, भिंत ओलांडली आणि धर्मराजच्या मातीवर मला पसरलं. बाह्या दोन्ही बाजूंना नीट केल्या, जशा त्याच्या असायच्या. चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले. ते दगड त्यानं त्या भिंतीतूनच उपटले होते.

आता मी इथं आहे. वाळवी लागली आहे, उन्हानं विटलो आहे, शेळ्या माझ्यावरून जातात. इथला वास बरा आहे, मातीचा. माझ्याखाली तो आहे.

मला नेऊन धुऊ नका. पेटीला कापड हवं असेल तर दुसरं आणा. आणि वाऱ्यानं माझा कोपरा उडालेला दिसला, तर एक करा. भिंत जवळच आहे. तिच्यातला अजून एक दगड काढा आणि माझ्यावर ठेवा.