नारळाचा मान

पाथर्डीच्या 'सांजसोबत ज्येष्ठ नागरिक संघा'त पाहुण्याचा सत्कार भाषणाआधी होत नाही, नंतर होतो. पूर्वी आधी व्हायचा. पण एका निवृत्त उपअभियंत्यानं शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन धरणाच्या भिंतीविषयी सव्वादोन तास भाषण दिलं, तेव्हापासून म्हातारे शहाणे झाले. आता त्या महिन्यात ज्याचा वाढदिवस, त्याच्या हाती शाल-नारळ. पाहुणा लांबला की त्यानं उठायचं आणि गुपचूप शेजारी जाऊन उभं राहायचं. पाहुणा काय ते समजून घेतो.

जून मात्र भांडणाचा महिना. संघात निम्मे निवृत्त शिक्षक, आणि त्या पिढीला शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट एक जून ही जन्मतारीख लावून टाकलेली. नारळ एक आणि वाढदिवसवाले एकोणीस. यंदा चिठ्ठ्या टाकल्या आणि नाव निघालं बिभीषण गर्जे गुरुजींचं.

गुरुजी चौऱ्याहत्तरचे. नोकरीभर त्यांची निरगुडीची छडी तालुक्यात गाजली. आजही बाजारात चाळिशीचे बाप्ये त्यांना पाहून नकळत बोटं मिटतात, आणि गुरुजींना त्याचं मोठं कौतुक. मार खाल्ल्याशिवाय माणूस खरं बोलत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. अशी माणसं आपण आदर्श शिक्षक म्हणून मिरवतो, तो भाग वेगळा.

चिठ्ठी निघाल्याचा आनंद फळ्यावरचं पाहुण्याचं नाव वाचेपर्यंतच टिकला. निवृत्त फौजदार राधाकृष्ण वाबळे. विषय, मोबाईलवरची फसवणूक.

सव्वीस वर्षांपूर्वी गुरुजींचा धाकटा भाऊ बजरंग ऊसतोडीला गेला होता, तेव्हा विहिरीवरची मोटार चोरल्याच्या संशयावरून ह्याच वाबळेनं त्याला उचललं होतं. फौजदाराचं नाव गुरुजींनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तीन दिवसांनी बजरंगला बैलगाडीत आडवा घालून फडावर आणलं. अठराव्या दिवशी तो गेला. त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं, तेराव्याला एकच प्रश्न विचारला, "भावजी, तुमी चौकीत गेल्ता. काय बोल्लात?"

"हात जोडले. पाया पडलो. ऐकलं नाही त्यांनी," गुरुजी म्हणाले होते.

ते खोटं होतं. पण त्या उत्तरावर बायडाबाईनं सव्वीस वर्षं काढली. फडावर, जात्यावर, पोरांच्या लग्नात, जिथं तिथं सांगत राहिली की दीर असावा तर माझ्या भावजींसारखा. गुरुजींनीच तिला संघात चहाचं काम लावून दिलं होतं. तिच्यासमोर मान वर करून चालता यावं, एवढीच त्यांची म्हातारपणची कमाई होती.

वाबळेला आपला चेहरा आठवायचा नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. तरी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बायडाबाईकडे जाऊन म्हणालेच, "आज तू येऊ नकोस. चहाचं मी बघतो."

"साठ मान्सांचा च्या तुमी करनार?" ती खळखळून हसली. "आन् बरं न्हाई का वाटत तुमाला?"

वाबळे आला. अंगानं सुटलेला, पण आवाज अजून चौकीतलाच. वीस मिनिटं त्यानं ओटीपीवर काढली. पुढच्या रांगेत तिघं घोरू लागले. तेव्हा संघाचे अध्यक्ष एलिया साळवे, जुने पोस्टमास्तर, कळवळून म्हणाले, "साहेब, ते राहू द्या. खाकीतलं सांगा काहीतरी!"

वाबळेनं चष्मा काढून खिशात घातला.

"मोटारचोरीत एक गडी घावला होता. ऊसतोड्या. तुमच्याच पट्ट्यातला."

गुरुजी शाल-नारळ घेऊन ताडकन उठले आणि वाबळेशेजारी जाऊन उभे राहिले. हॉलमध्ये ओरडा झाला. "बसा हो गुरुजी! आत्ता कुठं रंग भरतोय!" वाबळे हसला, त्यानं आपला जड हात गुरुजींच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "उभे राहा की. मी काय पळून जातोय?"

त्या हाताखाली गुरुजींना हलता येईना.

"हात पाठीमागं बांधले आणि तुळईला टांगला. खांदा निखळताना आवाज येतो बघा, कोंबडीची तंगडी मोडल्यासारखा." दोघंतिघं हसले. "मग तळव्यांवर टायरचा पट्टा. कातडं सोलून पट्ट्याला चिकटायला लागलं. तरी गडी कबूल होईना. तोंडावर बूट घातला, दोन दात घशात गेले. रक्ताच्या गुळण्या टाकतोय आणि म्हणतोय, सायेब, माझ्या भावाला बोलवा, गुरुजी हाय त्यो, त्यो सांगंल मी कसा हाय ते."

हसणं थांबलं. दाराशी बायडाबाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे जवळच्या खुर्चीवर टेकवला. ते दोन दात नसलेलं तोंड तिनं अठरा दिवस चमच्यानं पाणी पाजून ओलं केलं होतं.

"आणि गंमत सांगू? महिन्यानं मोटार सापडली. विहीरमालकाच्या मेव्हण्याच्या गोठ्यात!"

हे गुरुजींना ठाऊक नव्हतं. बजरंग दारू प्यायचा, तेव्हा चोरलीच असेल मोटार, ह्या एका टेकूवर ते सव्वीस वर्षं झोपत आले होते. तो टेकू पाहुण्यानं हसत हसत काढून घेतला.

"पण खरी गंमत पुढंच," वाबळे माईकला तोंड लावून म्हणाला. "तो भाऊ खरंच आला! अंगणात उभा, पांढरा स्वच्छ नेहरू शर्ट. आतून हा बोंबलतोय. मी बाहेर येऊन विचारलं, गुरुजी, काय करू? तर तो गुरुजी मला म्हणाला..."

गुरुजींनी नारळाची शेंडी मुठीत धरली आणि नारळ वाबळेच्या तोंडावर हाणला.

कवळी उडून टेबलावर पडली. वाबळे मागच्या खुर्चीसकट कोसळला. गुरुजी त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसले. दुसरा घाव जबड्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज माईकनं हॉलभर पोचवला. तिसरा नाकावर. नाक उरलंच नाही. हात सवयीचा होता, आणि छडी मारताना जसा एका लयीत चालायचा तसाच चालत होता. सहाव्या घावाला नारळ फुटला, पाणी आणि रक्त मिसळून गुरुजींच्या शर्टावर सांडलं, आणि तरी ते हातात उरलेल्या करवंटीनं त्या तोंडावर कोचत राहिले. त्या तोंडातून एक वाक्य बाहेर येऊ द्यायचं नव्हतं, बस्स. चार म्हाताऱ्यांनी मिळून त्यांना ओढून काढलं.

"अरे, ह्यांचाच भाऊ होता तो!" एलिया साळवे ओरडले. "बजरंग! आपला बजरंग!"

मग हॉल फिरला. मधुमेहाचे, गुडघ्याचे, मोतीबिंदूचे ते सगळे म्हातारे एकदम तरुण झाले. कोणी पडलेल्या वाबळेला काठीनं ढोसलं, कोणी त्याच्या बरगडीत लाथ घातली. "बेस ठोकला, गुरुजी!" मागून कुणीतरी म्हणालं. तो शब्द ऐकून गुरुजींनी हातातली करवंटी टाकून दिली.

बायडाबाई गर्दीतून पुढं आली. तिनं गुरुजींचा रक्ताळलेला हात हातात घेतला आणि पदरानं पुसू लागली. ती रडत होती.

"पांग फेडलेत, भावजी. सव्वीस वर्सं माज्या छातीवर धोंडा हुता. आज उतरला."

जे हवं होतं ते सगळं गुरुजींना मिळालं होतं. वाबळेचा जबडा लोंबत होता, त्याच्याकडून आता शब्द निघणार नव्हता. गप्प राहिले असते तर ते देव होऊन घरी गेले असते.

"त्यो काय सांगत हुता शेवटाला?" बायडाबाईनं विचारलं. संशय नव्हता तिच्या मनात. ते जुनं उत्तर तिला सगळ्यांदेखत पुन्हा ऐकायचं होतं. "सांगा की ह्यास्नी. काय म्हनला हुता तुमी त्याला?"

सगळे ऐकायला थांबले. जमिनीवरून वाबळेचा एक उघडा डोळा गुरुजींकडे बघत होता. त्याला आता चेहरा आठवला होता.

हात जोडले, पाया पडलो. चार शब्द. सव्वीस वर्षांचा सराव होता. गुरुजींनी तोंड उघडलं, पण त्या शब्दांखालचा टेकू आज निघून गेला होता.

"ठोका म्हणालो," ते म्हणाले. माईक चालू होता. "ठोका साहेब, म्हणालो, त्याशिवाय तो खरं बोलायचा नाही. मी शाळेत हेच करतो."

बायडाबाईनं त्यांचा हात सोडला नाही, तो पुसून पुरा केला. मग वाकून तिनं खाली पडलेली शाल उचलली, झटकली, गुरुजींच्या खांद्यांवर घातली आणि दोन्ही पदर सारखे केले. टेबलाखाली गेलेलं शेंडीचं अर्धुक शोधून आणलं, त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

"घ्या, गुरुजी," ती म्हणाली. "ह्यो मान तुमचाच हाय."

सव्वीस वर्षांत तिनं त्यांना भावजी सोडून दुसरी हाक कधी मारली नव्हती. खुर्चीवरचा ट्रे तिथंच सोडून ती चपला घालून निघून गेली, आणि बाहेर पोलिसांची जीप येऊन थांबेपर्यंत गुरुजी शाल पांघरून तसेच उभे होते.