डिमीटरला हसवणारी

किसनराव तायड्यांचं पुस्तक गेली बावीस वर्षं चालू होतं. अमरावतीत ज्यांना ते ठाऊक होतं त्यांनी ‘झालं का हो पुस्तक?’ असं विचारणं केव्हाच सोडलं होतं, कारण विचारलं की किसनराव खरोखर सांगत बसत. कॉलेजात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण जीव जडला होता ग्रीक पुराणकथांवर. त्याही मूळ भाषेतून वाचायच्या हा हट्ट. अचलपूरला शाळेत असताना एका म्हाताऱ्या पादऱ्यानं त्यांना बायबलसाठी म्हणून ग्रीक शिकवलं. पादरीबाबा वारले, बायबल मागं पडलं आणि किसनराव झ्यूसच्या भानगडींत शिरले ते कायमचे.

लोकांना याचं नवल वाटे. तायडे बौद्ध. छप्पन साली किसनराव बारा वर्षांचे होते, तेव्हा त्यांच्या वडिलांनी घरातले देव फडक्यात बांधून नदीला नेऊन सोडले. देव गेल्याचं पोराला काडीचं दुःख झालं नाही. ज्यांच्या देवळाची पायरी कधी चढू दिली नाही, त्यांच्यासाठी कोण रडणार? पण देवांबरोबर त्यांच्या गोष्टीही घराबाहेर गेल्या, ती चुटपुट राहिली. ग्रीक देव भेटले आणि ती मिटली. या देवांनी त्यांना कधी देवळाबाहेर उभं केलं नव्हतं. त्यांना हात जोडायचे नव्हते आणि शिव्याही घालायच्या नव्हत्या. नुसतं ओळखायचं होतं.

किसनरावांचं म्हणणं असं, की हे देव कुठल्या डोंगरावर राहत नाहीत, ते माणसाच्या मनात राहतात. एक राग, एक मत्सर, एक भीती, प्रत्येकाला नाव आणि चेहरा दिलेला. बायको मैना होती तोवर हे ऐकायला हक्काचं माणूस होतं. ती गहू निवडता निवडता ‘हं’ म्हणायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली, आणि तेव्हापासून किसनराव स्वतःच बोलत आणि स्वतःच ‘हं’ म्हणत.

अकरा प्रकरणं हातावेगळी झाली होती. बारावं अडलं होतं डिमीटरपाशी. डिमीटर ही पिकापाण्याची देवी. तिची पोरगी पर्सेफनी फुलं तोडत असताना पाताळाचा राजा तिला उचलून घेऊन जातो. आई खात नाही, पीत नाही, अंगावर पाणी घेत नाही. म्हातारीच्या वेषात फिरत एका विहिरीपाशी येऊन बसते. गावातल्या पोरी तिला घरी नेतात, तर तिथंही ती तोंडावर पदर ओढून मुकी बसून राहते. मग त्या घरातली इयांबे नावाची एक मोलकरीण तिची काहीतरी थट्टा करते. डिमीटर हसते, आणि हसल्यावर पहिल्यांदा घोटभर सातूचं पाणी पिते.

ती थट्टा काय होती? जुन्या काव्यात ती दिलेलीच नाही. इयांबेनं पुष्कळ चहाटळपणा केला, एवढं सांगून कवी पुढच्या वाटेला लागतो. पंडित म्हणतात, काहीतरी अश्लील असावं. किसनराव पडले सभ्य गृहस्थ. त्यांनी शोकावर अठ्ठेचाळीस पानं लिहिली आणि हसण्यावर एक ओळ : ‘येथे तिचा अहंभाव पुन्हा जागा होतो.’ ही ओळ खोटी आहे, हे त्यांना लिहितानाच कळलं होतं.

आणि मग दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये घरातलीच पोर गेली. अकोल्याला त्यांची नात चिऊ तीन दिवसांच्या तापात गेली. चार वर्षांची होती. तिची आई दीक्षा ही किसनरावांची एकुलती एक लेक, कृषी खात्यात नोकरीला. ती वर्षंच वाईट होती. गावोगाव शेतकरी जिवाचं बरंवाईट करून घेत होते आणि दीक्षा चौकशीचे कागद घेऊन त्या घरांत जात होती. दुसऱ्यांच्या ओसरीवर बसून रकाने भरताना ती कधी रडली नाही. रडायचं नाही ही सवय अंगवळणी पडली असावी, कारण स्वतःच्या घरातही ती रडली नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं पांगल्यावर किसनराव लेकीजवळ बसले. तिला जवळ घ्यावं असं त्यांच्या मनात फार होतं. पण ते कसं करतात हे त्यांना येत नव्हतं. येत होतं ते त्यांनी केलं. त्यांनी तिला डिमीटर समजावून सांगितली. चांगला अर्धा तास. शोकाला टप्पे कसे असतात आणि ती आता कितव्या टप्प्यावर आहे, हेसुद्धा सांगितलं. दीक्षानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बाबा, तिची पोरगी वापस आली होती ना?” तिनं विचारलं.

“हो. म्हणजे वर्षातले काही महिने...”

“मंग तुमी जा.”

किसनराव त्याच संध्याकाळच्या एस.टी.नं अमरावतीला परतले.

दोन महिन्यांनी जावयाचा फोन आला. जावयाचं कागदोपत्री नाव भारदस्त होतं, पण सगळे त्याला पिंटूच म्हणत. “बाबा, ते काई खाऊनच नाई राहिली. आठ दिवसांत फक्त चहा घेतला. डॉक्टर म्हनते, दोन दिवसांत पोटात काई गेलं नाई तं भरती करा लागन. तुमी या. तुमी मनाचंच शिकेल हा ना.”

किसनरावांनी पिशवीत दोन धोतरं टाकली आणि वर बाराव्या प्रकरणाची फाइल ठेवली. फाइल कशाला घेतली हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा खिडकीबाहेर कापसाची बैलबंडी उभी होती आणि गाडीवान वर पडून आभाळ बघत होता. सगळा मुलूखच कुणीतरी रुसून बसल्यासारखा दिसत होता. मनात आलेल्या या वाक्यावर टीप लिहावी असं किसनरावांना वाटलं, आणि वाटल्याबरोबर स्वतःची लाज वाटली.

दीक्षा आतल्या खोलीत खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. मनगटाची हाडं वर आली होती. खाली ताटात खिचडी झाकून ठेवलेली. शेजारची रजियाबी रोज दुपारी काहीतरी करून आणी आणि संध्याकाळी तसंच परत नेई. तिची स्वतःची दोन लेकरं बाळपणीच गेलेली, असं पिंटूनं सांगितलं.

“दीक्षे,” किसनराव म्हणाले.

 ते खुर्चीवर बसले. घसा खाकरला. आणि सवय वाईट असते, दहा मिनिटांत ते पुन्हा समजावू लागले. शरीराला अन्न नाकारणं म्हणजे मनाचा निषेध असतो, वगैरे. दीक्षानं चादर डोक्यावरून ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी पिंटू कामावर गेला. दुपारी रजियाबी आली, खिचडीचं ताट ठेवलं आणि किसनरावांना दाराशी बोलावून हळूच म्हणाली, “मास्टरसाब, समझाव मत उसको. समझी हुई है वो.”

किसनरावांना हे एकदम पटलं. समजावणं काढून घेतलं तर त्यांच्यापाशी दुसरं काय होतं? बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी माणसांना फक्त समजावलं होतं. ते खुर्चीवर येऊन बसले, फाइल उघडली आणि वाचू लागले. लेक उपाशी पडली असताना बाप फाइल वाचतो, हे दिसायला कसं दिसतं याची त्यांना कल्पना होती. पण कागदावरून नजर काढली की चादरीखालचा तो एवढासा आकार दिसे, आणि तो त्यांना बघवत नव्हता.

भारनियमनाची वेळ झाली. पंखा थांबला, दिवा गेला. पडदे ओढलेले होते, खोलीत अंधारून आलं. किसनरावांनी कागद डोळ्यांशी नेला.

“रख दो ना वो किताब,” खाटेच्या पायथ्याशी बसलेली रजियाबी वैतागून म्हणाली. “आंख्या फुटेंगी.”

“थांबा. एवढं पान होऊ द्या.”

बोलले आणि जागच्या जागी थबकले. हे वाक्य त्यांचं नव्हतं. म्हणजे त्यांचंच होतं, पण पस्तीस वर्षांपूर्वी कुणीतरी ते त्यांच्या तोंडी घालून भर मांडवात म्हटलं होतं.

किसनरावांची आई भागीरथा ही सात गावांत नावाजलेली बाई होती, ती लग्नातल्या चावट गाण्यांसाठी. प्रत्येक लग्नाला ती नवं गाणं रचायची, जुनं कधी वापरायची नाही. हळदीला बाया तिच्याभोवती बसत आणि हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत. एकाहत्तर साली एकुलत्या एक लेकाच्या लग्नात तिनं एक गाणं खास त्याच्यावर केलं होतं. किसनरावांनी ते त्यानंतर मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. आता ते आपणहून ओठांवर आलं होतं.

त्यांनी चष्मा काढला. खाली फरशीकडं बघत, फाटक्या आवाजात, ज्यानं कधी झोपेतही गाणं म्हटलं नाही अशा माणसाच्या सुरात ते म्हणू लागले :

“माहा लेक शिकला वो, एम्मे झाला,
लग्नाच्या राती बुक घेऊन खाटीवर गेला.

नवरी म्हने, दिवा इजवा. हा म्हने, थांब,
एवढं पान होऊ दे, धडा हाये लांब.

नवरीनं सोडली गाठ, यानं उघडली वही,
म्हने, हे काय असते, बुकात लिहेल नाही.”

रजियाबीनं ओढणी तोंडात कोंबली. खाटेवरून काहीच आवाज आला नाही. किसनरावांना वाटलं, झालं, हेही चुकलं, हे तर सगळ्यांत मोठं चुकलं. कान तापले. फाइल घेऊन कुठं तोंड लपवावं, असं त्यांना झालं.

मग चादरीखालून नाकातून निसटल्यासारखा एक आवाज आला. चादर हलू लागली. दीक्षा उठून बसली, केस विस्कटलेले, आणि हसत होती. पोट धरून हसत होती. उपाशी पोटाला ते हसणं सोसत नव्हतं, तरी थांबत नव्हतं. “आईवर?” ती कशीबशी म्हणाली. “बाबा, हे तुमच्यावर आन् आईवर?” आणि हसता हसताच तिच्या तोंडून चिऊचं नाव निघालं, आणि ती रडू लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. रजियाबीनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. किसनरावांना कधी न जमलेली गोष्ट तिनं अशी सहज केली.

बऱ्याच वेळानं दीक्षानं नाक पुसलं. रजियाबीनं ताट पुढं केलं तशी तिनं खिचडीचा एक लहानसा घास घेतला, मग दुसरा. किसनराव त्या घासांकडं बघत राहिले. लेकीला खाताना बघणं इतकं मोठं सुख असतं, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं.

“आजीनं केलं होतं हे?” दीक्षानं विचारलं.

“हो.”

“मंग पुढं? आईनं काय केलं मंग?”

“पुढं ते म्हने, ‘मंग नवरीनं काय केलं, आयका वो बायांनो...’” किसनराव थांबले.

“हं. काय केलं?”

“मले नाई मालूम.”

“असं कसं बाबा? गानं तं पुरं असन ना.”

किसनराव गुडघ्यांवरचे हात बघत होते. “मांडवात आमचे प्रिन्सिपल आले होते. दोन प्रोफेसर होते, खुर्च्यांवर. मी बोहल्यावरून उठून गेलो आन् म्हटलं, ‘माय, गप बस. लोक पाहून राहिले.’ तिथंच. त्याच ओळीवर.”

दीक्षाचा हात ताटात तसाच राहिला. “मंग तिनं कदी सांगितलं नाई? नंतर?”

“बारा वर्षं जगली त्याच्यानंतर. कोनाच्याच लग्नात म्हटलं नाई. मीबी कदी इचारलं नाई.”

 बाहेर कुणाचा तरी हातपंप वाजत होता. ते गाणं भागीरथेनं एका लग्नासाठी एकदाच रचलं होतं, आणि त्या मांडवातलं म्हातारं माणूस आता एकही उरलं नव्हतं. शेवटची ओळ फक्त तिलाच ठाऊक होती. किसनरावांना माय आठवत होती, तोंड अर्धवट उघडं राहिलेली, हातातली टाळी हातातच. ती गेली त्या दिवशीही त्यांना ती इतकी आठवली नव्हती.

दीक्षानं खिचडीचा घास केला आणि त्यांच्या तोंडापुढं धरला. “बाबा, घ्या. सकाळपासून तुमीबी काई खाल्लं नाई.”

किसनरावांनी नकारार्थी मान हलवली आणि तोंड भिंतीकडं केलं.