खारींचा वाटा

डोंगर म्हणायचं ते आपलं सवयीनं. एकशेचार नंबरच्या इमारतीमागच्या फाटकातून बाहेर पडलं की पायऱ्या सुरू, आणि चाळीस मिनिटांत माथा. तरी ब्यॉन तेगिल दर शनिवारी नातीला घेऊन तिथे जायचे, कारण मीराननं, म्हणजे लेकीनं, बजावून ठेवलं होतं, "बाबा, तिला टीव्हीपुढे बसवून घोरत पडू नका. झाडंबिडं दाखवा जरा."

एकतीस वर्षं शहर बस चालवलेला माणूस, तो काय झाडं दाखवणार कपाळ! उलट सोदामच त्यांना दाखवायची. वय सहा, पण बालवाडीतून काय काय शिकून आलेली. "आजोबा, हे पान बघा, पाच बोटांचं. अहो, मुंग्यांच्या वाटेत पाय नका ना देऊ!" हात मात्र धरू द्यायची नाही. आजीचा धरायची. आजी जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण तेगिलनी हात पुढे केला की ही आपले दोन्ही हात खिशात घालायची. एवढ्याशा पोरीचं काय मनाला लावून घ्यायचं? पण लागायचं.

आणि मागच्या शनिवारी तिनं आपणहून काहीतरी मागितलं. "आजोबा, तुम्हाला आजीच्या वड्या येतात?"

त्या वड्या तपकिरी, थलथलीत, वर सोया सॉस आणि तिळाचं तेल. दुकानातल्या आणल्या तर सोदाम एक घास खाऊन ताटली सरकवायची. "येतात की!" तेगिल म्हणून बसले. म्हणायला काय जातं?

मेख अशी, की त्या वड्या होतात ओकच्या फळांच्या. सुपारीएवढी, डोक्यावर टोपी घातलेली फळं. माल्सुन, त्यांची बायको, दर शरदात याच डोंगरावरून पिशवी भरून आणायची. वाळवायची, फोडायची, दळायची, चार दिवस पाणी बदलून तुरटपणा घालवायची. नातीला ठाऊक ती फक्त ताटलीतली वडी. आणि पायऱ्यांच्या तोंडाशी फलक होता, 'ही फळं खारींची आहेत. नेऊ नका.' खाली लाकडी पेटी. कुणी उचललीच असतील तर त्यात टाकायची, मग डोंगराची निगा राखणारी माणसं थंडीत ती रानात पसरतात. माल्सुन त्या फलकासमोरून पिशवी घेऊन ताठ चालत जायची. "खारींना सांगा, मलाही नात आहे," म्हणायची.

नात तो फलक प्रत्येक वेळी मोठ्यानं वाचायची. अक्षरं नुकतीच आली होती ना!

तर आज वर एका ओकखाली सोदाम श्वास रोखून खारीकडे बघत होती, आणि तिच्या पाठीमागे तेगिलच्या बुटाची नाडी सारखी सुटत होती. वाकायचं, नाडीशी चाळा करायचा, मूठ खिशात.

"आजोबा, परत सुटली?"

"जुने बूट गं. तू खार बघ."

मांजर डोळे मिटून दूध पितं, तसलाच प्रकार. दोन्ही खिसे टम्म फुगले तेव्हा कुठे ते म्हणाले, चला, भूक लागली.

उतरताना अर्ध्या वाटेत पँटचा उजवा खिसा उसवला. टक्. टक्. टक्टक्टक्. पायऱ्यापायऱ्यांवरून फळं उड्या मारत सोदामच्या पुढे निघाली. ती थांबली. एक उचललं, वळली, आणि तिची नजर पायरी पायरी चढत आजोबांच्या बुटांपर्यंत आली.

"खिसा दाखवा."

"चुकून आली असतील..."

"एवढी? चुकून?" तिचे डोळे भरले. "खारी काय खाणार मग थंडीत? चोर आहात तुम्ही!"

काठी टेकत वर येणाऱ्या एक बाई थांबून बघायला लागल्या. तेगिलच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आजी असती ना, तर तुम्हाला ओरडली असती! आजीनं कध्धी खारीचं घेतलं नसतं!"

एक वाक्य बोलायचा अवकाश होता. अगं भवाने, तुझ्या वड्या कशाच्या वाटल्या तुला, आणि तुझी आजी तर पिशवीच घेऊन यायची. सुटले असते. वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं, आणि त्यांनी ते गिळलं. माल्सुन आता स्वतःची बाजू मांडायला यायची नव्हती.

"हो," ते म्हणाले. "फार ओरडली असती."

सांडलेली फळं दोघांनी वेचली. खाली पेटीपाशी सोदामनं झडती घेतली. उजवा खिसा, डावा खिसा, जाकिटाचा आतला, शेवटी टोपीसुद्धा. सगळं पेटीत गेलं.

"आणि वड्या?" तिनं जरा वेळानं विचारलं.

"नाही जमायच्या मला. तुझ्या आजीचा हातच वेगळा."

सोदामनं खिशातून हात काढला आणि त्यांची दोन बोटं घट्ट पकडली.

"तुमचा भरवसा नाही," ती म्हणाली. "आता दर शनिवारी असंच यायचं. सोडायचं नाही."

"बरं."

फाटकाशी आल्यावर त्यांच्या बुटाची नाडी खरोखरच सुटली. ते वाकले नाहीत.