बोट चुकली ती दुपार

मारुतरावांना साठ पूर्ण झाली म्हणून वाकडला राहणाऱ्या अजिंक्यने आईवडलांना थेट बार्बाडोसच्या बेटावर धाडलं. तीन विमानं बदलून दोघं पोचली, तेव्हा अंबुबाईंचे पाय टम्म सुजले होते. वाढदिवसाच्या दुपारी बोटीतून कासवं बघायला जायचं होतं. बोटीची वाट बघता बघता अंबुबाई किनाऱ्यावरच्या लांब खुर्चीवर आडव्या झाल्या आणि त्यांचा डोळा लागला.

बोट आली. उठवायला मारुतरावांनी हात पुढे केला, पण तो तसाच राहिला. चाकणच्या कंपनीत त्यांनी तीस वर्षं तिन्ही शिफ्ट केल्या. रात्रपाळी करून ते दिवसा झोपायचे, तेव्हा ही म्हशींचं बघायची, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करायची. तिला दिवसाढवळ्या झोपलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी बोटवाल्याला हातानेच जायला सांगितलं आणि तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून टॉवेल धरून बसून राहिले. खांदा भरून आला की हात बदलत.

अजिंक्यचा फोन आला. “बाबा, दिसली का कासवं?”

“आय निजलीय. हळू बोल,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

उन्हं उतरल्यावर अंबुबाई दचकून उठल्या. “आवं, बोट गेली व्हय?”

“कवाच.”

“मंग उठवायचं न्हाई का? वाढदिस तुमचा ना?”

“माझा हाय, तर माझ्या मनासारखं झालं. पड अजून.”

“आन् च्या?”

“मी आणतो.”

अंबुबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग कूस बदलून पुन्हा डोळे मिटले.