अर्धं फुलपाखरू

मंगळावरच्या एका खड्ड्यानं विशाखा वाहुळेची झोप उडवली होती. विद्यापीठात भूशास्त्राची पीएच.डी. करणाऱ्या विशाखाचा विषय होता उल्का आदळून पडलेली विवरं. हे विवर गरगरीत गोल होतं, पण आदळताना उडालेला मलबा तीनच बाजूंना पसरला होता. पूर्वेची बाजू कोरी. उल्का पूर्वेकडून, जवळजवळ जमिनीला घासतच आली असणार, असं तिनं प्रबंधात ठोकून दिलं. तिच्या मार्गदर्शक दमयंती मॅडमना ते काही पटेना. पूर्वेचा मलबा वाऱ्यानं आलेल्या धुळीखाली गाडला गेला असेल, असं त्यांचं म्हणणं. आणि तिरपी उल्का म्हणायची तर किती तिरपी, ते आधी दाखव, म्हणाल्या.

हर्सूलला अनंतराव चौसाळकरांच्या घरात वरची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. समोर ऐसपैस गच्ची. तिथं तिनं जुन्या पलंगाची चौकट मांडली, चाळलेली वाळू भरली, त्यावर गेरूचा थर आणि सगळ्यात वर पांढरी रांगोळी. वरून सरळ गोटी टाकली की गोल खड्डा पडे आणि लाल फराटे चहूकडे उडत. तिरपी गोटी मात्र नुसतीच घरंगळत जाई. गुलेल आणून पाहिली, तर गोटी अनंतरावांच्या कढीपत्त्यात.

त्याच आठवड्यात गोजरबाई, म्हणजे विशाखाची आत्या, कन्नडकडच्या गावाहून डोळे दाखवायला आली. भाचीची खटपट तिनं थोडा वेळ पाहिली आणि दगड आडवा मारायचाय का, एवढंच विचारलं. विशाखा व्हय म्हणाली. आत्यानं सुतळी मागितली, पायाच्या अंगठ्याला अडकवून बसल्या बसल्या गोफण विणली आणि म्हणाली, "ज्वारीवरची पाखरं हाकलून माझा जलम गेला. हो बाजूला."

तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे विशाखाला आठवेपर्यंत गोफण दोनदा फिरलीसुद्धा. दगड चौकटीवरून गेला आणि पाण्याच्या काळ्या टाकीत घुसला. टाकीतून झकास धार लागली.

अनंतराव बनियनवरच वर आले. निवृत्त वकील माणूस. उलटतपासणी सुरू झाली. काय चाललंय, कशासाठी, आणि माझ्याच टाकीवर का? विशाखानं माफी मागत, भोकाला कापड कोंबत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते चौकटीपाशी उकिडवे बसले.

"पण दगड तिरपा आला तर खड्डा लांबट पडायला हवा," ते म्हणाले. "हा गोल कसा?"

विशाखानं सुतळी बॉम्बचं उदाहरण दिलं. तो कुठल्याही बाजूनं घरंगळत येऊन फुटला तरी खड्डा गोलच पडतो. उल्काही एवढ्या वेगानं येते की आदळताच तिचा स्फोट होतो. खड्ड्यावरून दिशा सहसा कळत नाही, फार आडवी आली तरच तो लांबट होतो. दिशा कळते ती उडालेल्या मलब्यावरून. आत्याच्या दगडाला तो वेग नाही, तिनं हेही कबूल केलं, पण मलब्याच्या नक्षीचा थोडाफार अंदाज येईल.

अनंतरावांनी टाकीपुढं जुनी गादी उभी केली, स्वतः जिन्याच्या दारामागं उभे राहिले आणि म्हणाले, "मारा बाई."

या वेळी दगड चौकटीतच बसला. लाल गेरू तीन बाजूंना उडाला आणि दगड जिकडून आला ती बाजू पांढरीच राहिली. विशाखानं मोबाइलवरचा मंगळाचा फोटो शेजारी धरला. हुबेहूब. तिला नाचावंसं वाटलं.

"आता अजून आडवा मार, आत्या. जमिनीला घासून."

आत्यानं कमरेतून वाकून मारला. गेरूचे दोन पंख डावी-उजवीकडं फाकले. मागची बाजू कोरी, पण पुढचीही कोरी. फुलपाखरू पंख पसरून बसावं तसं. विशाखानं रांगोळी सारखी करून पुन्हा मारायला लावला. पुन्हा फुलपाखरू.

"छान दिसतंय की," अनंतराव म्हणाले.

"छान आहे, काका, पण माझं नाहीये," विशाखा म्हणाली. तिच्या विवराची एकच बाजू कोरी होती. म्हणजे उल्का तिरपी आली असेल, पण घासत नाही. तिनं ठोकून दिलेलं वाक्य तिच्याच गच्चीवर आडवं झालं होतं.

मॅडमना फोटो पाठवल्यावर त्या संध्याकाळी स्वतःच हजर झाल्या. आत्यानं जय भीम केला, त्यांनीही केला, आणि पर्स खाली ठेवून चौकटीभोवती फिरल्या. धुळीचा मुद्दा आपण अजून सोडलेला नाही, असं त्यांनी बजावलं. पण वायूच्या दाबावर गोळी सोडणारी खरी बंदूक असलेल्या प्रयोगशाळेत वेळ मागू, कोन बदलून बदलून पाहू, असंही म्हणाल्या. मग आत्याकडं वळल्या. "गोजरबाई, मला जमेल का हे?"

"जमंल की. लई सोपं हाय. फकस्त एक टोक येळंवर सोडायचं."

अनंतराव पुन्हा दारामागं गेले. विशाखानं तेवढ्यात पायरीवर बसून लॅपटॉप उघडला आणि 'घासत आली' हे शब्द काढून टाकले. काढताना फार वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात सडकून भूक लागली होती. पाठीमागं गोफण फिरल्याचा आवाज आला, आणि ती लॅपटॉप छातीशी धरून खाली वाकली.